तापलं की चुंबक जातं

रात्री वीज स्वस्त पडते,
म्हणून शिरोलीच्या भट्ट्या रात्री पेटतात.
आप्पांची एकतीस वर्षं त्या स्वस्त विजेत गेली.
मी मात्र उगाच जागी.
माझी दुर्बीण वर फिरते आहे, पृथ्वीबाहेर,
तिला ढग नाहीत, वारा नाही,
तिचे आकडे दुपारी जेवतानाही येतात.
पण तारा म्हटलं की रात्र लागते अंगाला,
आणि भट्टीवाल्याच्या घरात
दोन वाजता दिवा दिसला तर कुणी दचकत नाही.

"काय बघतीयास?"
एक रेघ, आप्पा. वर जाते, खाली येते,
तीन दिवस सतरा तासांनी परत तशीच.
तारा स्वतःभोवती फिरतो. अंगावर डाग आहेत,
इथे सिलिकॉन साचलेलं, तिथे क्रोमियम,
चुंबकानं धरून ठेवलेलं, पांगू न देता.
डाग समोर आला की उजेड बदलतो,
शंभरात एक, त्याहून कमीच.

सिलिकॉन म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढली.
हे त्यांच्या घरचं नाव.
ओतायच्या आधी पळीभर रस काढायचा,
रुपयाएवढी चकती गार करून घासायची,
आणि तपासणीच्या खोलीत इलाही मिस्त्री
तिच्यावर ठिणगी पाडायचा.
ठिणगीच्या उजेडातून यंत्र सांगायचं
सिलिकॉन किती, मँगनीज किती,
आज भंगार कुणाकडून घेतलं होतं.
"म्हंजे आमचंच काम की."
तुमचंच. फक्त पळी घालता येत नाही.

निळी काच त्यांनी अजून ठेवलीय, चष्म्याच्या घरात.
तिच्यातून रस बघून सांगायचे, चौदाशे वीस.
यंत्र म्हणायचं चौदाशे पंचवीस,
की भांडण यंत्राशी.
ह्याचा रंग कसा, त्यांनी विचारलं.
निळसर पांढरा. बारा हजारांच्या आसपास.
"निळा?" हसले.
"निळा म्हंजे रस न्हवं, भट्टीच गेली वर."

मग हसणं अर्ध्यात सोडून
काच कपाला टेकवत म्हणाले,
"वैजू, तापलं की लोखंडाचं चुंबक जातंय.
लालभडक कांब चिकटत न्हाई, कितीदा बघितलंय.
सात-आठशेलाच खेळ खलास.
मग बारा हजारावर ह्याचं कसं ऱ्हायलं?"

सागरमाळावर, भरल्या सेमिनारात,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी सांगितलं, तिथे कांब नाही,
विजेनं भरलेला वायू आहे,
त्यात गुंतून राहिलेलं, बहुधा ज्या ढगातून तारा झाला
त्या ढगाचं. किंवा दोन तारे एकमेकांत मिसळले असतील,
त्या घुसळणीतलं.
"बहुधा? किंवा?"
अशा दहा ताऱ्यांत एकाकडेच सापडतं.
नऊजणांकडे का नाही, ते—
"ठाऊक न्हाई म्हण की सरळ."
ठाऊक नाही, आप्पा.
त्यांना ते बरं वाटलं.
चकती स्वच्छ निघाल्यासारखं तोंड केलं.

रेघेत मध्येच एक फट. तिथे त्यांचं बोट.
तेव्हा उपग्रह पृथ्वीकडे वळतो,
साठवलेलं सगळं खाली सांगतो,
तेवढा वेळ ताऱ्याकडे पाठ.
"आणि तेवढ्यात काय झालं तर?"
मी खांदे उडवले.
मी जन्मले त्या रात्री त्यांनी तीन हीट ओतल्या होत्या,
घरी यायला सकाळचे नऊ.
त्यांनी बोट बराच वेळ उचललं नाही.

डाग परत कधी समोर येणार, ते विचारून घेतलं.
गुरुवारी, पहाटे चारच्या सुमाराला.
कॅलेंडरवर, सिलिंडरच्या नंबराखाली, लिहिलं:
तारा, ४.
नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही,
हे मी सांगितलं होतं.

गुरुवारी मी झोपून राहिले.
गच्चीचं दार वाजलं तेव्हा जाग आली.
कठड्याला टेकून उभे, निळी काच डोळ्याला,
तोंड पंचगंगेच्या पुलापलीकडे,
जिथे आभाळाची कड तांबूस झाली होती.
"चौदाशे दहा," मला न बघता म्हणाले.
"एवढ्यात वतू नका म्हणावं."